बांध किती रुंद आहे?

(पाचोरा येथे एका स्मृती व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मुद्रित पाठ)



एका जळलेल्या बांधापासून सुरुवात करतो. बांध माझ्याच वावराचा होता आणि काडी लावणारा हातही माझाच होता.

चैत्र संपत आला होता. पऱ्हाट्या उपटून झाल्या होत्या, नांगरट झाली होती. आखाजीच्या आत बांध साफ करायचा म्हणून संध्याकाळी वारा पडल्यावर मी गवत पेटवलं. आपल्याकडे सगळेच पेटवतात. बांधावर झाडोरा राहिला की उंदीर होतात, साप होतात, पावसाळ्यात तण वावरात शिरतं, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. अर्ध्या तासात काम झालं. सकाळी राख बघायला गेलो, तर बोरीच्या जाळीखाली एक तितर बसलेली दिसली. जिवंतच वाटली. मान आत घेतलेली, पंख दोन्ही बाजूंना जरा सैल सोडलेले. काठीचं टोक लावलं तशी एका अंगावर कलंडली. खाली सहा अंडी होती. दोन तडकलेली, बाकीची आख्खी, धुराने काळवंडलेली. आग येताना तिला उडता आलं असतं. तितर पायांनीही भरधाव पळते. ती उठली नाही.

त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यानंतर मी बांध पेटवलेला नाही. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण इथं जमतो, ते आम्हाला भूगोल शिकवायचे आणि फळ्यावर नकाशा काढण्याआधी आम्हाला हिवरा नदीच्या पात्रात उतरवायचे. त्यांना मी ही हकिगत सांगितली होती. मला वाटलं, रागावतील. त्यांनी एवढंच विचारलं, "बांध किती रुंद आहे तुझा?"

आजचं माझं सगळं बोलणं त्या प्रश्नाचं उत्तर आहे.

माझ्या आजोबांच्या काळी त्या बांधावरून भरलेली बैलगाडी जायची. वडिलांच्या काळी एक बैल जाईल एवढा राहिला. मी पेटवला तेव्हा त्यावरून माणूस चालायचा तर पाऊल पुढे पाऊल ठेवून. भावाभावांत वाटण्या झाल्या, एका वावराची चार झाली. बांधांची संख्या वाढली आणि रुंदी गेली. नांगराचा फाळ दर वर्षी चार बोटं बांध खातो. शेजाऱ्याचाही खातो. आपल्या तालुक्यातल्या कितीतरी भांडणांचं मूळ या चार बोटांत आहे. मग जेसीबी आला, आणि तीन पिढ्यांची बोर, हिवर, बाभूळ एका दुपारीत आडवी झाली. राहिलं ते तणनाशकाने पिवळं केलं.

आता जळगाव जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. उत्तरेला सातपुड्याच्या कुशीत यावल अभयारण्य आहे, 1969 साली झालेलं, साधारण 177 चौरस किलोमीटरचं. दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याच्या रांगेत गौताळा-औट्रम घाट आहे, 1986 सालचं, सुमारे 260 चौरस किलोमीटरचं, आणि तेही बरंचसं कन्नडच्या बाजूला. जिल्हा मात्र पावणेबारा हजार चौरस किलोमीटरचा. मधला हा सगळा पट्टा कपाशीचा, केळीचा, मक्याचा, ज्वारी-हरभऱ्याचा. तापी, गिरणा, वाघूर, बहुळा, तितूर आणि त्यांना मिळणारे असंख्य नाले. कोल्हा, खोकड, लांडगा, तरस, मुंगूस, उदमांजर, घोरपड, ससा, तितर, लावा, टिटवी, चंडोल, पिंगळा यांतल्या बहुतेकांनी आयुष्यात अभयारण्याचं तोंड पाहिलेलं नाही. ते आपल्यातच जन्मले आणि आपल्यातच मरतात. नाल्याच्या बेचक्यात, पडीक वावरात, गायरानात, पडक्या विहिरीच्या तोंडाशी, बांधावरच्या जाळीत. पाचोरा-जामनेर ही आपली पीजे गाडी छप्पन्न किलोमीटर वावरांमधून जायची. रुळांच्या दोन्ही अंगांना कुणाची नांगरट नसल्यामुळे तिथं जो झाडोरा उरला, तोही एक सलग लांबोडका अधिवासच होता. गाडीच्या खिडकीतून मी पहिल्यांदा खोकड पाहिलं ते वरखेडीच्या अलीकडे. आता त्या मार्गाचं रुंदीकरण होतं आहे. गाडी मोठी व्हावी, तालुक्याला तिची गरज आहे. पण रुळांच्या कडेची ती झुडपं कुणाच्या हिशेबात आहेत का, हे एकदा कुणीतरी विचारायला हवं.

कोतवाल पक्ष्याचं उदाहरण घेतो, म्हणजे हा प्रश्न फक्त दयेचा नाही हे ध्यानात येईल. काळाकुळकुळीत, शेपूट दुभंगलेली, तारेवर नाहीतर शेंड्यावर बसतो आणि वावरावर झेप घेऊन कीडा उचलून परत तिथंच येऊन बसतो. त्याला बसायला उंच जागा लागते. बांधावरची बाभूळ ही त्याची जागा होती. ती आपण तोडली. बोंडअळी वाढली. मग कृषितज्ज्ञांनी सल्ला दिला की कपाशीत पक्षीथांबे उभारा, म्हणजे बांबूला आडवी काठी बांधून वावरात रोवा. सल्ला योग्य आहे, मीही रोवतो. पण प्रत्येक वेळी ती काठी ठोकताना आठवतं की इथून वीस पावलांवर एक झाड होतं, ते हेच काम फुकट करत होतं, आणि त्याच्या ढोलीत पिंगळ्याचं बिऱ्हाड होतं, जे रात्री उंदरांचा बंदोबस्त करायचं. इंग्लंडातल्या शेतकऱ्यांनी दुसऱ्या महायुद्धानंतर यंत्रांना मोकळं रान मिळावं म्हणून शेतांची जुनी झुडपी कुंपणं मैलोनमैल उपटली. सरकारनेही त्याला हातभार लावला. आज तेच सरकार ती पुन्हा लावायला शेतकऱ्यांना पैसे देतं. आपण अजून उपटण्याच्या टप्प्यात आहोत.

खानदेशात एकेकाळी काय होतं आणि आपल्याला त्याची किती गंधवार्ता होती, यासाठी रानपिंगळ्याची गोष्ट सांगायला हवी. ह्यूम या पक्षिशास्त्रज्ञाने 1873 मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. पुढे 1880 च्या दशकात डेव्हिडसन नावाचा ब्रिटिश अधिकारी खानदेशात होता. त्याने शहादा-तळोद्याच्या बाजूला या घुबडाचे नमुने गोळा केले. 1884 नंतर तो कुणालाच सापडला नाही. जगातल्या संग्रहालयांत मोजके भुसा भरलेले नमुने तेवढे उरले. पक्षी नामशेष झाला, असं बहुतेकांनी धरून चाललं होतं. मग 1997 च्या नोव्हेंबरमध्ये पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि तिचे दोन सोबती त्या जुन्या नमुन्यांचा माग काढत शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याला आले. तिथं दिवसाउजेडी, उघड्या फांदीवर बसलेला तो त्यांना दिसला. एकशे तेरा वर्षांनी.

ही गोष्ट सांगताना बहुतेक जण त्या शोधाचं कौतुक करतात आणि थांबतात. मला दुसरंच वाटतं. ते घुबड दिवसाढवळ्या बसणारं. ज्या रानात ते होतं तिथं माणसं होती, गुरं होती, मोहाची फुलं वेचणाऱ्या बाया होत्या. एकशे तेरा वर्षांत त्यांतल्या कुणीच ते पाहिलं नसेल? पाहिलंच असणार. त्यांना कुणी विचारलं नाही. शास्त्र संग्रहालयाचा माग काढत सातासमुद्रापलीकडून आलं आणि पायथ्याच्या गावाचं ज्ञान पायथ्यालाच राहिलं. अधिवास वाचवायचा तर तो कुणाच्या डोळ्यांसमोर आहे, हे आधी ओळखावं लागतं.

हे ज्यांनी ओळखलं अशी दोन गावं आपल्या शेजारच्या धुळे जिल्ह्यात आहेत. लांबची उदाहरणं मी पुढे देईन, पण ही एसटीने जाऊन यावं एवढी जवळची.

साक्री तालुक्यात, गुजरातच्या हद्दीकडे, बारीपाडा नावाचा आदिवासी पाडा आहे. 1990 च्या सुमारास तिथली टेकडी उघडीबोडकी होती. झाडं तुटली, पाणी आटलं, पावसाळा सरला की माणसं मजुरीला बाहेर. गावातला एक तरुण, चैत्राम पवार, एम.कॉम. झालेला. शहरात नोकरी सहज मिळाली असती. वनवासी कल्याण आश्रमाच्या कार्यकर्त्यांच्या सोबतीने तो गावातच राहिला आणि गावाला एकत्र बसवून जंगलाचे नियम करवून घेतले. झाड तोडलं तर दंड. बैलगाडी रानात न्यायची नाही. राखण आळीपाळीने. सरपण लागणार, तर ते कधी आणि किती आणायचं हेही गावानेच ठरवायचं. साधारण साडेचारशे हेक्टर, म्हणजे अकराशे एकर रान या पाड्याने राखलं. वरच्या टेकडीवर झाडं आली तसं खालच्या विहिरींना पाणी आलं, पाणी आलं तसा भात आला, दुसरं पीक आलं, आणि बाहेर जाणारी माणसं थांबली. 2004 पासून तिथं वनभाजी स्पर्धा भरते. रानात आपोआप उगवणाऱ्या भाज्या गावातल्या बाया शिजवून मांडतात. शंभराहून जास्त प्रकारच्या रानभाज्यांची नावं, चवी, कुठली कधी खुडायची आणि कुठली दोन पाण्यांत उकळून कडू काढायची हे सगळं त्यांच्या तोंडी असतं. जंगल राखलं म्हणजे काय राखलं, ते ताटात दिसतं. 2025 साली चैत्राम पवारांना पद्मश्री मिळाली. त्याच यादीत मारुती चितमपल्ली यांचंही नाव होतं. एकाने आयुष्यभर रानाची भाषा मराठीत आणली, दुसऱ्याने गावाच्या सभेत रानाला जागा करून दिली. मला ती दोन नावं एका यादीत वाचून फार बरं वाटलं.

बारीपाड्याचं नाव घेतलं की आपल्याकडचे लोक म्हणतात, ते आदिवासी आहेत, त्यांचं जंगलाशी नातं असतं, आपलं कुणब्यामाळ्यांचं, पाटलांचं गाव वेगळं. म्हणून मी दुसरं गाव सांगतो, लामकानी. धुळे तालुक्यातलं, अवर्षणाच्या पट्ट्यातलं, अगदी आपल्यासारखं शेतकरी गाव. डोंगर उघडा, माळ खरवडून काढलेला. मूळचे याच गावचे डॉ. धनंजय नेवाडकर यांनी गावकऱ्यांना बरोबर घेतलं. वनखात्याच्या जमिनीवर गावाने चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळायची ठरवली, चर खोदले, आणि मग सगळ्यात अवघड गोष्ट केली. वाट पाहिली.

वाट कशाची पाहायची, ते नीट सांगतो, कारण गवताबद्दल आपलं अज्ञान मोठं आहे. 'माळावर काय, गवतच तर आहे' असं आपण म्हणतो, जणू सगळं गवत एकच. सतत चरलेल्या, तुडवलेल्या माळावर आधी उरते ती कुसळी. तिची कुसळं धोतराला, लुगड्याला चिकटतात, मेंढीच्या लोकरीत आणि पुढे कातडीत घुसतात. कुसळं धरली की गुरं तिला तोंड लावत नाहीत. माळ राखला, मुळांना दोन-तीन पावसाळे उसंत मिळाली, की हळूहळू मारवेल दिसू लागतं. पवन्या येतं. ही चाऱ्याची गवतं. त्यांची मुळं खोल जातात, माती धरतात, पाणी मुरवतात. उंच, दाट, झुबकेदार गवत आलं की लाव्यांना लपायला जागा होते, सशाला होते, नाकतोडे येतात, नाकतोड्यांमागे हिवाळ्यात परदेशातून भोवत्या येतो, जमिनीलगत पंख तोलत गवतावरून फिरणारा शिकारी पक्षी. खोकड येतं, लांडगा येतो. आपण झाडं लावायला धावतो. माळावर खड्डे घेऊन ओळीने रोपं लावतो आणि छायाचित्र काढतो. माळ हाही एक अधिवास आहे, त्याला जंगल करायची गरज नसते. माळढोक याच माळांचा पक्षी. आपण माळ राखला नाही, म्हणून त्याला आज महाराष्ट्रात नान्नजच्या बाजूला शोधत फिरावं लागतं.

चराईबंदी म्हणजे गुरांच्या तोंडचा घास काढणं, असं पहिल्या वर्षी प्रत्येक गावात म्हणतात. राखलेल्या कुरणातून गवत कापून न्यायची मुभा ठेवली, की दुष्काळात ज्या गावाने दावणीला जनावरं टिकवली ते हेच गाव असतं. कापलेलं गवत मोजता येतं, वाटता येतं, विकता येतं. चरलेलं गवत ज्याची गुरं जास्त त्याच्याच पोटात जातं. हा न्यायाचा मुद्दा आहे, आणि तो मला निसर्गाच्या मुद्द्याइतकाच महत्त्वाचा वाटतो.

न्यायाची दुसरी बाजूही आहे. ती टाळून पुढे गेलो तर मी अर्धसत्य सांगितल्यासारखं होईल. चराईबंदीचा फटका आधी कुणाला बसतो? ज्याच्याकडे बागायत आहे, मक्याचा कडबा आहे, त्याला नाही. तो बसतो दोन शेळ्यांवर घर चालवणाऱ्या विधवेला. तो बसतो धुळे जिल्ह्यातल्या ठेलारी मेंढपाळांना, जे पिढ्यान्‌पिढ्या कळप घेऊन माळांवरून फिरतात आणि ज्यांचे कळप आपल्या वावरात बसवण्यासाठी आपणच धान्य मोजायचो, कारण लेंडीखताने जमीन जिवंत राहायची. त्यांना वगळून केलेला नियम हा गावाचा नियम नाही, गावातल्या वरच्या आळीचा नियम आहे. गायरानाचंही तेच. भूमिहीनांनी 1959 साली दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली जमिनीसाठी सत्याग्रह केला, त्यात आपला खानदेश होता. ज्या गायरानावर एखाद्या भूमिहीन कुटुंबाने दोन एकर कसून पोट भरलं, तिथं आता 'जैवविविधता' हा शब्द घेऊन त्यांना उठवायला जाणं मला मान्य नाही. गायरानं गेली ती मुख्यतः त्यांच्यामुळे नव्हेच. ती गेली दांडग्यांच्या कुंपणात, मुरुमाच्या खाणीत आणि आपल्या सगळ्यांच्या बेफिकिरीत. म्हणून जागा राखायची बैठक बसेल तेव्हा मेंढपाळ, भूमिहीन आणि शेळीवाली बाई यांना आधी बोलू द्या. मग सरपंच, मग माझ्यासारखे भाषण करणारे.

आता बिबट्याबद्दल बोलतो. त्याच्याशिवाय हा विषय काढला, तर तुम्ही मनातल्या मनात म्हणाल, याला तितर दिसते, आमची जागल दिसत नाही.

2017 साली आपल्या शेजारी, चाळीसगाव तालुक्यात, वरखेडे परिसरात बिबट्याने माणसं मारली. कपाशी वेचणाऱ्या बाया वावरात जायला घाबरत होत्या. अखेर त्या वर्षाच्या डिसेंबरात त्याला गोळी घालावी लागली. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांच्यापुढे उभं राहून सहजीवनावर प्रवचन देण्याचा अधिकार कुणालाच नाही. त्यांची भरपाई वेळेवर, पुरी आणि सन्मानाने त्यांच्या हातात पडली पाहिजे. रानडुकराने लोळवलेला मका आणि रोह्याने खाल्लेला हरभरा यांचीही. पंचनामा व्हायला आठवडा, पैसे यायला वर्ष, आणि आले तर बियाण्याचाही खर्च निघत नाही, असा अनुभव मी स्वतः घेतलेला आहे. वन्यजीव सगळ्या देशाचे आणि त्यांचा खर्च एकट्या कोरडवाहू शेतकऱ्याचा, हे चालणार नाही.

पण बिबट्या इथं राहतो कसा, तेही समजून घ्यायला हवं. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्यातल्या उसाच्या पट्ट्यात कॅमेरे लावून अभ्यास केला. जिथं हरणं नाहीत, जंगल नाही, तिथं दर शंभर चौरस किलोमीटरमागे चार-पाच प्रौढ बिबटे राहताना त्यांना आढळले. ते मुख्यतः कुत्र्यांवर आणि गुराढोरांवर जगत होते, आणि अभ्यासाच्या काळात माणसांवर जीवघेणा हल्ला झालेला नव्हता. त्यांनी हेही दाखवून दिलं की पकडून दुसरीकडे सोडलेला बिबट्या जास्त घातक ठरतो. त्याला नवी जागा परकी असते आणि त्याच्या मोकळ्या झालेल्या जागेत दुसरा येतो. म्हणजे पिंजरा लावा, उचलून न्या ही आपली मागणी शेजारच्या तालुक्याला संकटात घालते आणि आपलं संकट जागच्या जागी ठेवते. आपल्याकडे मुक्ताईनगरच्या बाजूला, वढोदा वनक्षेत्रात डोलारखेड्याच्या आसपास तर वाघच केळीच्या बागांतून फिरतात. केळीची बाग उन्हाळ्यातही थंड असते, ओल असते, आडोसा असतो. वाघाला ती रानासारखीच वाटते. 2019 मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरमधून निघालेला, गळ्यात पट्टा असलेला एक तरुण वाघ महिनोन्‌महिने चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. नऊ महिन्यांत तो तीन हजार किलोमीटरच्या आसपास चालला. बहुतेक वाट वावरांची, नाल्यांची, कालव्याच्या कडेची. दिवसा झुडपात, रात्री चाल. हजारो शेतकऱ्यांच्या उशाशी तो येऊन गेला आणि त्यांना पत्ताही नव्हता. 2021 च्या मार्चमध्ये तर आपल्या दक्षिणेच्या डोंगरात, गौताळ्यातच वाघ कॅमेऱ्यात आला. तोही कुणाच्या तरी बांधावरूनच आला असणार. नाल्याचा काठ सलग राहिला तर असा जीव गुपचूप निघून जातो. काठ मध्येच तोडला तर तो वस्तीत येतो. झुडूप राखणं म्हणजे जनावर बोलावणं नव्हे. त्याला त्याची वाट देणं आहे.

आणि विहिरी. आपल्या तालुक्यात किती विहिरी बिनकठड्याच्या आहेत, ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. रात्री कुत्र्यामागे धावणारा बिबट्या आत पडतो. एका पहाटे आमच्या गावाजवळ असाच पडला होता. पाण्यात पोहून पोहून थकला होता, मोटारीच्या पाइपला पुढचे पंजे अडकवून लोंबत होता. विहिरीभोवती तीनशे माणसं. वरून दगड पडत होते, मोबाइल रोखलेले होते. वनखात्याची माणसं यायला उशीर होता. तेवढ्यात एका म्हातारीने आपल्या ओसरीतली बाज उचलून आणली. "आधी बुडतंय ते थांबवा," म्हणाली, "मग काय ते ठरवा." चारी पायांना दोर बांधून बाज खाली सोडली. बिबट्या तिच्यावर चढला आणि बसला, ओलाचिंब, कान पाडून, थरथरत. दगड थांबले. तीनशे माणसं एकदम गप्प झाली. पुढे वनखात्याने गर्दी हटवली, शिडी सोडली आणि तो अंधार पडल्यावर निघून गेला. त्या आजीने निसर्गरक्षणावर एक पुस्तक वाचलेलं नव्हतं. तिला बाज कुठं आहे ते ठाऊक होतं.

लोकांनी ठरवलं तर किती लवकर बदल होतो, त्याचं एक लांबचं उदाहरण देतो. नागालँडात दोयांग जलाशयावर 2012 साली अमूर ससाणे जाळ्यांत पकडून हजारोंनी मारले जात होते. सैबेरिया-चीनकडून आफ्रिकेला जाताना ते तिथं उतरतात. बातमी बाहेर आली, आणि पुढच्याच वर्षी पांगती आणि शेजारच्या गावांच्या ग्रामपरिषदांनी शिकार बंद केली. एका वर्षात. त्यातले उपग्रह-टॅग लावलेले ससाणे पुढे महाराष्ट्रावरून उडत अरबी समुद्र ओलांडताना नोंदले गेले आहेत. आपल्याच राज्यात गोंदियाचे शेतकरी धानाच्या बांधीत सारसाचं घरटं दिसलं की तेवढा भाग सोडून काम करतात. तिथल्या सेवा या संस्थेच्या तरुणांनी घरट्यांची राखण शेतकऱ्यांच्याच हाती दिली. आपल्या हतनूरच्या फुगवट्यावर हिवाळी पाहुण्यांची मोजणी आणि राखण वरणगावच्या चातक निसर्ग संवर्धन संस्थेची मंडळी करत आली आहेत. आणि जळगाव शहराला चिकटून लांडोरखोरी आहे, राज्य सरकारने जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केलेली. नावातच लांडोर. ज्यांनी त्या खोरीला हे नाव दिलं, त्यांनी वारसा कधीच ओळखला होता.

कायदा आपल्या बाजूला आहे, फक्त तो दप्तरात झोपलेला आहे. 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि गावाची लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. बहुतेक ठिकाणी कागदावर ती आहे. मी अशा काही वह्या पाहिल्या. एकीत तर आपल्या कोरडवाहू गावाच्या नोंदीत कोकणातली झाडं होती, कारण दुसऱ्या गावाची नोंद उतरवून काढलेली. ती वही फाडू नका, पण पुन्हा लिहा. सालदाराला, मेंढपाळाला, वैदूला, सरपण आणणाऱ्या बाईला बसवून लिहा. कुठल्या नाल्यात तरसाची गुहा आहे, कुठल्या चिंचेवर वटवाघळं आहेत, कुठल्या विहिरीवर सुगरणीचे खोपे लोंबतात. आसोद्याच्या बहिणाबाईंना सुगरण दिसली ती कुठल्या अभयारण्यात नव्हे, वावरातच. 2006 च्या वनहक्क कायद्याने तर ग्रामसभेला सामूहिक रान राखण्याचा अधिकारच दिला, आणि त्याच्या जोरावर गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने 2009 साली आपला सामूहिक हक्क मिळवला. आपल्याकडे बिगरआदिवासी गावांना त्याच्या अटी जड जातात, हे खरं. पण गायरानावर ठराव करायला, नाल्याकाठची दहा-दहा हात जागा न नांगरण्याचा नियम करायला, कुंपणात वीज सोडणाऱ्याला गावाने अडवायला कुठल्या अटी आड येतात? त्या तारेत रानडुकराआधी आपलीच माणसं मेली आहेत.

लहानपणाची एक गोष्ट राहिली. आमचे सालदार उन्हाळी नांगरट करत होते. मी मागे मागे चाललो होतो. एका ठिकाणी टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडायला लागली. त्यांनी बैल उभे केले, खाली वाकून बघितलं. ढेकळांच्या रंगाची चार अंडी होती, चारींची निमुळती टोकं आत, एकमेकांना भिडलेली. त्यांनी फाळ उचलला, बाजेएवढी जागा सोडली आणि तिच्या चार कोपऱ्यांना चार पऱ्हाट्या रोवल्या. वडील बांधावरून म्हणाले, "हे काय ठेवलं मधीच?" सालदार म्हणाले, "र्‍हाऊ द्या अण्णा, तिनं बी वावर शे." वडील काही बोलले नाहीत. पेरणीच्या आत पिलं उठून गेली होती आणि ती चार पऱ्हाट्यांची जागा तेवढी नांगरायची राहिली होती. तिथं त्या वर्षी तिफण जरा अडखळली. एवढंच नुकसान.

गुरुजींनी विचारलं होतं, बांध किती रुंद आहे. ते गेल्यावर मी शेजाऱ्याशी बोललो. त्याने तीन हात सोडले, मी तीन सोडले. आमच्यात आधी त्याच बांधावरून कोर्टात जायची वेळ आली होती. बोर पुन्हा फुटली, ती तोडलेल्या बुडख्यातूनच आली. हिवराची दोन रोपं कुणी लावली नाहीत, पाखरांनी आणली. यंदा आखाजीच्या सुमारास त्या जाळीत पुन्हा तितर बसली होती. पुढच्या उन्हाळ्यात बघायला या. फक्त कुत्रं बरोबर आणू नका, आणि शेवटची वीस पावलं बोलू नका.